खानदेशातले वृद्धाश्रम नेमके कोणाच्या जिवावर चालतात?

फेसबुक-इन्स्टावर दर आठवड्याला एक तरी रील समोर येते. मागे वृद्धाश्रमाची पाटी, पुढे पदराने डोळे पुसणारी आजी आणि जोडीला रडकं गाणं. खाली कमेंटचा पाऊस. "असली पोरं असण्यापेक्षा नसलेली बरी", "यांना भर चौकात उभं करा." दोन दिवस रील फिरते, तिसऱ्या दिवशी दुसरी येते.

चीड येणं साहजिक आहे. पण त्या चिडीत एक साधा प्रश्न राहून जातो. ती आजी ज्या खोलीत बसलीय तिथलं लाइटबिल कोण भरतं? सकाळचा चहा, रात्रीची बीपीची गोळी, बाथरूममध्ये पाय घसरून पडली तर उचलणारा माणूस, हे सगळं कोण बघतं? सरकार?

याचं उत्तर पुण्या-मुंबईत शोधलं तर वेगळं मिळतं, कारण तिथे पैसे मोजून राहायच्या सोयी बऱ्याच झाल्यात. म्हणून आपण जळगाव आणि धुळ्याकडे बघू. कापूस आणि केळीचा भाग, निम्मं गाव सुरतला, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे.

आधी आकडा बघू

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख ३० हजारांच्या घरात होती, धुळ्याची २० लाख ५० हजार. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक जवळपास १० टक्के निघाले. राज्याचाच हिशेब इथे लावला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून सहा लाखांच्या आसपास ज्येष्ठ नागरिक होतात. आणि हे २०११ चं झालं. नवी जनगणना हाती येईल तेव्हा हा आकडा वाढलेलाच दिसेल.

आता कायदा काय म्हणतो? २००७ साली केंद्राने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय की राज्य सरकार निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारू शकेल, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान १५० जणांची सोय असावी.

म्हणजे कायदा अगदी तंतोतंत पाळला तरी जळगावात १५० आणि धुळ्यात १५०. सहा लाखांमागे ३०० जागा.

तुम्ही म्हणाल, सहा लाख लोकांना कुठे वृद्धाश्रम लागतो? बरोबर आहे. बहुतेक जण घरीच असतात आणि बरे असतात. देशभरातल्या ज्येष्ठांचा जो मोठा सरकारी अभ्यास २०१७-१८ मध्ये झाला, त्यात एकटं राहणाऱ्यांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या जवळपास निघालं. तेच इथे धरलं तर दोन जिल्ह्यांत ३६ हजार माणसं एकटी. त्यातल्या दहातल्या एकाला जरी उद्या आसरा लागला तरी झाले ३,६००. हा ढोबळ अंदाज आहे, पण ३०० शी त्याचा कुठूनही मेळ बसत नाही.

आणि त्या कलमातला शब्दही नीट वाचा. सरकार वृद्धाश्रम 'उभारील' असं तिथे नाही, 'उभारू शकेल' असं आहे. म्हणजे नाही उभारला तर त्या कलमावर बोट ठेवून भांडणंही अवघड. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अश्विनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला सांगितलं होतं की देशात प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन तेव्हा ११ वर्षं झाली होती.

मग आजवर सांभाळलं कोणी?

गोष्ट फार जुनी आहे. आपल्या राज्यात म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी घर काढायचं काम इंग्रजांच्या काळात दानशूर व्यापाऱ्यांनी सुरू केलं. पुण्यातलं डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, ज्याला आज सगळे 'निवारा' म्हणून ओळखतात, ते १८६३ चं. ससून हे बगदादहून मुंबईत आलेलं ज्यू कुटुंब. निराधार म्हाताऱ्याला राहायला जागा द्यावी ही कल्पना त्यांनी पैसे टाकून उभी केली.

खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पूर्वेचं मुख्यालय जळगाव, पश्चिमेचं धुळे. या भागात वेगळ्या वृद्धाश्रमाची गरज बराच काळ कोणाला वाटली नाही, कारण घर मोठं होतं, शेत एकत्र होतं आणि म्हातारा मळ्यात राखणीला बसायचा. ज्याला कोणी नाही तो देवळाच्या ओसरीवर, मठात, नाहीतर पंढरपूर-नाशिकच्या वाटेवर. ते दिवस सुखाचे होते असं म्हणायचं कारण नाही. विधवा बाईचे त्या एकत्र घरात काय हाल व्हायचे हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा.

राज्य सरकार यात उतरलं ते १९६३ ला. संस्थांनी वृद्धाश्रम चालवायचे आणि सरकारने अनुदान द्यायचं, पुरुषाला ६० वर्षं आणि बाईला ५५ वर्षं पूर्ण हवीत, अशी ती योजना.

मोठा गाजावाजा झाला तो १९९५ ला. शिवसेना-भाजपचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना निघाली. नाव कुठून आलं हे सांगायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक, १०० जणांची क्षमता, सगळ्या सोयी. ज्यांचं वार्षिक उत्पन्न १२ हजारांच्या वर त्यांनी महिन्याला ५०० रुपये द्यायचे, बाकीच्यांना मोफत. कागदावर झकास.

पण योजनेत एक गोम होती. चालवायची संस्थांनीच, आणि तेही विनाअनुदान तत्त्वावर. इमारत एकदा उभी राहते, फीत कापली जाते, फोटो येतो. रोजची भाजी-पोळी, स्वयंपाकीणबाईचा पगार, टँकर, कूलरचं बिल, हे दर महिन्याला येतं आणि त्याची फीत कोणी कापत नाही. म्हणून ज्या जिल्ह्यात धडधाकट संस्था होती तिथे काम टिकलं, बाकी ठिकाणी रखडलं.

जळगावचं उदाहरण

जळगावात हे काम करणाऱ्यांमध्ये ठळक नाव आहे सावखेडा इथल्या मातोश्री आनंदाश्रमाचं. हा केशवस्मृती प्रतिष्ठानचा प्रकल्प.

केशवस्मृतीचा इतिहास बघितला तर खानदेशातली सेवाभावी कामं कशी उभी राहतात ते कळतं. डॉ. अविनाश आचार्य हे पेशाने डॉक्टर, संघाच्या वर्तुळातले. १९७९ ला जळगाव जनता सहकारी बँक सुरू झाली त्यात त्यांचा मोठा हात होता. आधी बँक. बँकेमुळे गावातले व्यापारी, डॉक्टर, वकील, नोकरदार जोडले गेले. मग त्या विश्वासावर रक्तपेढी, नेत्रपेढी, शाळा आणि त्याच ओघात म्हाताऱ्या माणसांचं घर.

तुम्हाला त्यांचा विचार पटतो की नाही हा मुद्दा वेगळा. मुद्दा असा की जळगावच्या त्या घरामागे सरकारी खातं नव्हतं. एक सहकारी बँक, तिचे सभासद आणि गावात पत असलेला एक डॉक्टर होता. ज्या तालुक्यात अशी बँक नाही, असा डॉक्टर नाही, तिथल्या म्हाताऱ्याने काय करायचं? चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात, शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावांत. दानाचं काम जिथे दाते असतात तिथे उगवतं. गरज जिथे जास्त तिथे उगवेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, जी संस्था चालवणारे उघड बोलत नाहीत. अशी कामं एका पिढीच्या खांद्यावर उभी राहतात. संस्थापक स्वतः म्हातारे होतात, जातात. पुढची पिढी नोकरीसाठी पुण्याला. म्हणजे जी अडचण घराची, तीच वृद्धाश्रमाच्या विश्वस्त मंडळाची.

'आंडोर सुरतमा से'

आता रीलमधल्या नालायक पोराकडे येऊ. तो नसतोच असं नाही. शेत नावावर करून घेतलं आणि आईला बाहेर काढलं, हे घडतं. त्याच्यासाठी कायदा आहे, पुढे बघू.

पण खानदेशातल्या गावात एखाद्या म्हातारीला विचारलं, मुलगा कुठे असतो, तर अहिराणीत बऱ्याचदा एकच उत्तर येतं. आंडोर सुरतमा से. मुलगा सुरतला आहे.

भुसावळ-सुरत रेल्वेलाइन बघा. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. या लाइनवरची गावंच्या गावं गेल्या दोन-तीन पिढ्यांत सुरतच्या उधना, लिंबायत भागात गेली. लूमवर, डाईंग मिलमध्ये, हिऱ्याच्या कारखान्यात. इकडे जळगावची खानदेश मिल बंद पडली, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडली, कोरडवाहू कापसाचं गणित तर सगळ्यांना माहीत आहे. पोरगं जाणारच.

तिकडे त्याचं घर म्हणजे एक खोली. त्यात तो, बायको, दोन पोरं आणि वरच्या फळीवर सामान. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची कधी रात्रीची. आई आली तर झोपणार कुठे, आणि दिवसभर नळावर जाणार कोण? आईलाही तिथे करमत नाही. चार दिवस राहते आणि पॅसेंजरने परत येते. मुलगा महिन्याला हजार-दोन हजार पाठवतो. वाईट माणूस नाहीये तो.

आईचं गुडघ्याचं हाड झिजेपर्यंत हे चालतं. त्यानंतर चालत नाही.

शिवाय वृद्धाश्रमात राहणाऱ्यांत मूलबाळ नसलेली जोडपी असतात, लग्न न केलेली माणसं असतात, फक्त मुली असलेल्या आया असतात. "मुलीच्या घरी कसं राहायचं" हे आपल्याकडे अजून सुटलेलं नाही. कायद्याने मुलगी मुलाइतकीच जबाबदार आणि मुलाइतकीच वारस, पण जावयाच्या घरी चार महिने राहिलं की आई स्वतःच अवघडते. यातलं काहीही ३० सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाही.

हातात पैसे किती येतात?

राहायचा प्रश्न शेवटी पैशावर येतो.

एसटी, मिल, सूतगिरणी, साखर कारखाना यांतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ ला १,००० रुपये केली. त्यासाठी पेन्शनर म्हातारपणी रस्त्यावर बसतात, आंदोलनं करतात. भुसावळच्या रेल्वेवाल्याची आणि आयुध निर्माणीवाल्याची गोष्ट वेगळी, त्यांना बरी पेन्शन आहे. म्हणून एकाच गल्लीत दोन म्हातारे दोन वेगळ्या जगात राहतात.

शेतमजूर बाईला यातलं काहीच नाही. तिच्यासाठी श्रावणबाळ योजना, ६५ वर्षांच्या पुढे, महिन्याला १,५०० रुपये. रोजचे ५० रुपये झाले.

इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणवत नाही. लाडकी बहीण योजनेतही १,५०० रुपयेच. ती २१ ते ६५ वयाला. म्हणजे ६५ पर्यंत बाई लाडकी बहीण, पुढे श्रावणबाळाची आई, रक्कम तीच. असं वाटतं ना? पण लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. श्रावणबाळला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर २१ हजार. वर्षाचे २१ हजार. म्हणजे महिन्याचे १,७५०.

परिणाम काय? वर्षाला लाखभर रुपये उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला ६४ व्या वर्षी १,५०० मिळू शकतात आणि ६६ व्या वर्षी नियमाप्रमाणे काहीच नाही. नेमके गुडघे आणि डोळे जातात तेव्हा पैसे बंद. यावर एवढ्या चर्चा झाल्या, पण या फटीबद्दल फार कोणी बोलत नाही. कदाचित हा गट एकगठ्ठा मत देत नसेल, म्हणून असेल.

२०२४ ला मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ च्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची घेण्यासाठी ३,००० रुपये, पण एकदाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान उपचार दिले. चांगली योजना आहे, कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. डिस्चार्ज मिळाल्यावर घरी अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर कोण वळवणार, हे त्यात नाही.

खरी अडचण खाटेवरच्या माणसाची

या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

बऱ्याच धर्मादाय वृद्धाश्रमांत प्रवेशाची पहिली अट असते की माणूस स्वतःचं स्वतः करू शकला पाहिजे. उठणं, अंघोळ, संडास, जेवण. जोडीला आधार कार्ड, डॉक्टरचा दाखला आणि एक जबाबदार माणूस, जो आजारपणात येईल आणि शेवटचे विधी करील. संस्था निर्दयी आहे म्हणून ही अट नसते. स्वयंपाक करायला दोन बायका आणि एक वॉचमन एवढ्यावर ४० चालती-फिरती माणसं सांभाळता येतात. पण त्यातली पाच अंथरुणाला खिळली की दिवस-रात्र मिळून सहा-सात माणसं जास्त लागतात. तो पगार वाढदिवसाच्या देणगीतून निघत नाही.

म्हणजे बघा. जो म्हातारा अजून घरी कसाबसा राहू शकतो, त्याला वृद्धाश्रमात जागा मिळते. ज्याला अर्धांगवायू झालाय, ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, जो रात्री उठून दार उघडून निघून जातो, त्याला नाही. आणि ज्याच्याकडे 'जबाबदार माणूस' आहे त्याला जागा मिळते, ज्याचं खरंच कोणी नाही तो अडतो. मग असा माणूस सिव्हिल हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात सापडतो, किंवा बस स्टँडवर.

कलम १९ मधले १५० जागांचे सरकारी वृद्धाश्रम खरंतर यांच्यासाठी हवे होते. चालत्या-फिरत्या माणसांचं संस्था बघतील, जमेल तसं. पण पगारी नर्स, रात्रपाळी, फिजिओथेरपी, औषधं, हे चंदा गोळा करून २० वर्षं चालवणं कोणत्याही संस्थेला झेपत नाही. ही सरकारचीच जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्हा रुग्णालय जसं देणगीवर चालवत नाही तसंच हेही.

त्यात खानदेशचा उन्हाळा. जळगाव-भुसावळचं तापमान दर मे महिन्यात बातमी होतं. पत्र्याच्या शेडखाली ८० वर्षांच्या माणसाला त्या उन्हात ठेवणं म्हणजे धोकाच, कारण या वयात तहान कळत नाही आणि बीपी-लघवीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी कमी होतं. खानदेशातल्या वृद्धाश्रमाला कूलर, पाणी आणि इन्व्हर्टर हा चैनीचा खर्च नसतो.

पोराने खरंच बाहेर काढलं तर?

आता कायद्याकडे. २००७ चा हाच कायदा वृद्धाश्रमाबाबत ढिला आहे, पण पोटगीबाबत बऱ्यापैकी दात असलेला आहे.

अर्ज करायचा तो प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी. धुळे जिल्ह्यात धुळे आणि शिरपूरला प्रांत कार्यालय आहे, जळगावात अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, फैजपूर वगैरे ठिकाणी. तिथेच न्यायाधिकरण बसतं. वकील लावायची गरज नाही. पोटगीचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असा नियम आहे. महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये पोटगी मिळू शकते. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक मालमत्तेचा वारस होणार आहे त्याच्याकडूनही मागता येते. हे फार कमी लोकांना माहीत आहे. "काकाची जमीन हवी, काका नको" असं म्हणणाऱ्या पुतण्याला हे कलम लागू होतं.

दुसरं, कलम २३. तुम्ही घर किंवा शेत मुलाला बक्षीसपत्राने दिलं आणि त्यात 'हा माझा सांभाळ करील' अशी अट होती, आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. भांडण या अटीवरूनच होतं. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सुदेश छिक्कारा प्रकरणात म्हटलं की अशी अट असल्याचं दाखवावं लागेल. २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित प्रकरणात कोर्टाने जरा मोकळी भूमिका घेतली. मध्य प्रदेशातल्या या आईने मुलाला मालमत्ता दिली होती आणि मुलाने सांभाळ करीन असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. कोर्टाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने वाचायला हवा.

आपल्याकडे जिवंतपणी वाटेहिस्से करून द्यायची पद्धत आहे. भाऊ-भाऊ भांडू नयेत म्हणून आप्पा सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव काढून मोकळे होतात. करू नका असं सांगणारे आपण कोण? पण केलंच तर दुय्यम निबंधकाकडे जायच्या आधी त्या दस्तात सांभाळाची अट दोन ओळींत लिहून घ्या, आणि राहत्या घरात शेवटपर्यंत राहायचा हक्क स्वतःकडे ठेवा. लिहिणाऱ्याला हे सांगावं लागतं, तो आपणहून लिहीत नाही.

अर्थात, कायदा पोटगी देतो, माया देत नाही. आणि बहुतेक आया अर्जच करत नाहीत. "पोराला कोर्टात कसं उभं करू?" इथेच विषय संपतो.

संसदेत काय अडकलं?

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्यात सून-जावयावरही जबाबदारी येणार होती, १० हजारांची मर्यादा जाणार होती, आणि आपल्या विषयाशी संबंधित म्हणजे वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरणार होता. घरी येऊन सेवा देणाऱ्यांसाठीही नियम होणार होते. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने २०२१ ला अहवाल दिला, आणि पुढे २०२४ ला लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही संपलं.

त्यामुळे आज वृद्धाश्रमाची पाटी लावून देणग्या गोळा करणारी एखादी जागा कशी आहे हे कळायला सर्वसामान्य माणसाकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि तिथे दाखल होणारा वार्षिक हिशेब, एवढाच काय तो आधार आहे. चांगली संस्था तो दाखवायला का-कू करत नाही. देणगी द्यायच्या आधी विचारायला लाजू नका. क्यूआर कोड असलेल्या रीलच्या बाबतीत तर अजिबात नको.

आणि वाढदिवसाचं म्हणाल तर पितृपक्षात आणि दिवाळीत वृद्धाश्रमांत जेवण देणाऱ्यांची रांग असते. एकाच दिवशी दोन घरांची पुरणपोळी, ती पण मधुमेहवाल्यांना. त्यापेक्षा आधी फोन करा आणि विचारा काय संपलंय. बहुतेक वेळा उत्तर मोठ्यांचे डायपर, डेटॉल, साखरेच्या गोळ्या, एका आयाबाईचा महिन्याचा पगार, नाहीतर बोअरची मोटर दुरुस्ती असं येईल. फोटो काढायला त्यात फार काही नसतं.

कोणी रस्त्यावर एकटं, भरकटलेलं दिसलं, किंवा शेजारच्या घरात म्हाताऱ्या माणसाला मारहाण होत असल्याचं लक्षात आलं, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. फोन मोफत, सकाळी ८ ते रात्री ८. पोटगीचा अर्ज साध्या कागदावर लिहिला तरी चालतो, आणि ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः जाणं जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो प्रांताकडे देऊ शकते.